बिघाडाचा माग
व्हॉल्व्हच्या वर्धकाची कहाणी



वसंतातील या व्याख्यानांत इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि सनदा यांची अपेक्षा असते. आज मी ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे ती एका लाकडी खोक्यात मावते. विजेवर चालणाऱ्या गिटारीचा आवाज मोठा करणारा, काचेच्या व्हॉल्व्हांवर चालणारा आणि एखाद्या हौशी माणसाने घरीच जुळवलेला ॲम्प्लिफायर हा आजचा विषय आहे. सोयीसाठी त्याला आपण ‘वर्धक’ म्हणू. असा वर्धक पहिल्यांदा चालू केला म्हणजे बहुधा तो नीट चालत नाही. कधी घुमतो, कधी शिटी मारतो, कधी मुका राहतो, तर कधी त्यातून धूर निघतो. मग जुळवणारा माणूस डोक्याला हात लावून बसतो आणि विचारतो, ‘बिघाड आहे तरी कुठे?’

हा प्रश्न त्याच्या आधी पुष्कळांनी विचारला आहे. गिटार हे आपल्या घरातले वाद्य नाही, तेव्हा तिच्या खोक्याशी आपला संबंध काय, अशी शंका कुणाच्या मनात येईल. पण एके काळी आपल्या घरी फळीवर ठेवलेला व्हॉल्व्हचा रेडिओ आणि गणेशोत्सवाच्या मांडवातील ध्वनिक्षेपक हे याच खोक्याचे सख्खे चुलतभाऊ. जाळी तीच, ट्रान्स्फॉर्मर तोच, आणि घूं-घूं आवाजही तोच. त्यांचे कूळ एक आहे आणि त्या कुळाचा इतिहास म्हणजे बिघाडांचाच इतिहास आहे. या यंत्रातील जवळजवळ प्रत्येक मोठे पाऊल कुठल्या ना कुठल्या दोषापाशी थबकलेल्या माणसाने टाकले. ज्यांनी तो दोष नुसता घालवला त्यांच्यापेक्षा ज्यांनी तो समजून घेतला त्यांच्या हाती कितीतरी अधिक लागले. एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रारंभ एका काळवंडलेल्या दिव्यापासून करू. १८८० च्या सुमारास एडिसनचे दिवे काही काळ जळल्यावर आतून काळे पडत. काच काळी पडली की उजेड मंदावे आणि गिऱ्हाईक कुरकुरे. त्या काळेपणात एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. तंतूच्या एका पायाच्या रेषेत काचेवर स्वच्छ पट्टी राहत असे, जणू त्या पायाची सावलीच तेथे पडली होती. म्हणजे तंतूपासून काहीतरी सरळ रेषेत निघून काचेवर आदळत होते. एडिसनने दिव्यात धातूची एक वेगळी पट्टी बसवून पाहिली. ती धन टोकाला जोडली की मधल्या पोकळीतून वीज वाहे; ऋण टोकाला जोडली की वाहत नसे. १८८३ मध्ये त्याने याचा पेटंटसाठी अर्ज केला आणि मग हा विषय बाजूस ठेवला. त्याला दोष कोठे आहे ते दिसले होते. तो का आहे ते सांगावयास इलेक्ट्रॉनची कल्पना हवी होती. ती जे. जे. थॉमसनच्या प्रयोगांनी १८९७ मध्ये पुढे आली. त्यानंतर १९०४ मध्ये लंडनच्या फ्लेमिंगने त्याच विस्मृत दिव्याचा उपयोग बिनतारी लहरी पकडण्यासाठी केला. एकाच दिशेने वीज जाऊ देतो म्हणून त्याला ‘व्हॉल्व्ह’, म्हणजे झडप, हे नाव पडले. आपल्या जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी हाच शब्द राहिला.

फ्लेमिंगची झडप आवाज मोठा करीत नव्हती. ते काम अमेरिकेतील ली डी फॉरेस्टच्या हातून झाले. १९०६–०७ च्या सुमारास त्याने तापलेला तंतू आणि धातूची प्लेट यांच्यामध्ये तारेची एक वेडीवाकडी जाळी बसविली. शेताच्या पाटावरील दार आठवा. दार वरखाली करण्यास लागतो एका हाताचा जोर, पण त्यामुळे कमी-जास्त होतो तो सबंध पाटाचा प्रवाह. जाळीवरील क्षीण वीज हा तो हात आणि तंतूपासून प्लेटकडे धावणारा इलेक्ट्रॉनांचा लोंढा हा तो पाट. वर्धकाचे सारे मर्म एवढेच आहे.

गंमत अशी की डी फॉरेस्टला आपल्या नळीचे हे मर्म कळले नव्हते. नळीत थोडी हवा उरलेली असणे आवश्यक आहे आणि काम होते ते त्या हवेमुळे, अशी त्याची समजूत होती. १९१२ च्या ऑक्टोबरात ही नळी अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या तज्ज्ञांपुढे मांडण्यात आली. हळू आवाजाला ती चांगली चाले. आवाज वाढविला की नळीत निळसर धुके पसरे आणि बोलणे फाटून जाई. पाहणाऱ्यांत हॅरल्ड आर्नल्ड नावाचा तरुण पदार्थविज्ञानवेत्ता होता. ते निळे धुके म्हणजे नळीत उरलेल्या वायूचे अणू फुटत असल्याची खूण आहे, हे त्याने ओळखले. हवा नळीची शक्ती नव्हती, तिचे दुखणे होते. आर्नल्डने नळीतील हवा होता होईल तो काढून टाकली. जनरल इलेक्ट्रिकमध्ये आयर्विंग लँगम्यूरही त्याच निष्कर्षास पोचला होता. परिणाम पाहा. २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेले वृद्ध ग्रॅहॅम बेल सबंध खंड ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोतील आपल्या जुन्या सहकाऱ्याशी, वॉटसनशी, टेलिफोनवर बोलले. वाटेत त्यांचा आवाज पुन्हा पुन्हा उचलून धरला तो या निर्वात नळ्यांनी. डी फॉरेस्टने ज्या धुक्याला आधार मानले, आर्नल्डने त्यालाच आरोपी ठरविले.

दुसरा बिघाड शिटीचा. १९१२ मध्ये कोलंबिया विद्यापीठात एडविन आर्मस्ट्राँग नावाचा विद्यार्थी होता. वय अवघे एकवीस. नळी चालते कशी हे शोधण्यासाठी त्याने प्लेटच्या बाजूची वीज मोजून पाहिली. तेथे त्याला आत शिरलेल्या लहरीचेच मोठे रूप आढळले. मग त्यातील थोडा भाग पुन्हा जाळीकडे परत पाठविला तर? तसे करताच दूरदूरची केंद्रे स्पष्ट ऐकू येऊ लागली. परतीचा भाग आणखी वाढविला तेव्हा यंत्र स्वतःच शिटी घालू लागले, म्हणजे बाहेरून काही न येताही आतल्या आत लहरी निर्माण करू लागले. आर्मस्ट्राँगने ओळखले की ही नळी लहरी पकडते तशीच ती लहरी उत्पन्नही करू शकते, म्हणजे तीच प्रक्षेपकही आहे. १९१२ मध्येच डी फॉरेस्टच्या प्रयोगशाळेतही अशी शिटी ऐकू आली होती आणि तिची वहीत नोंदही झाली होती. त्या नोंदीवरून दोघांचा दावा वर्षानुवर्षे चालला. १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्टच्या बाजूने निकाल दिला. आर्मस्ट्राँग याच शोधाबद्दल मिळालेले पदक परत करण्यास निघाला, तेव्हा रेडिओ इंजिनियरांच्या संस्थेने ते परत घेण्यास नकार दिला. शिटी दोघांनी ऐकली होती, पण ती का वाजते हे कोणी सांगितले, याबद्दल त्या व्यवसायातील माणसांच्या मनात संशय नव्हता.

तिसरा बिघाड आवाज विकृत होण्याचा. लांब पल्ल्याच्या टेलिफोनच्या तारेवर एकामागून एक असे पुष्कळ वर्धक असत. प्रत्येक जण बोलण्यात आपली थोडी भर घाली. कानगोष्टीच्या खेळात पहिल्याने सांगितलेले वाक्य शेवटल्यापर्यंत पोचताना जसे ओळखू येईनासे होते, तशीच गत होई. बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक याने अगोदर निर्दोष व्हॉल्व्ह मिळविण्यासाठी वर्षे घालविली. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीवर त्याला उत्तर सुचले आणि हातातील न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्याने ते मांडले. वर्धकातून निघालेल्या आवाजाचा काही भाग उलटा करून पुन्हा आत सोडावा. म्हणजे मूळ आवाजात आणि बाहेर पडलेल्या आवाजात जो फरक असेल तो आपोआप कापला जाईल. आवाजाची वाढ कमी होते खरी, पण बदल्यात शुद्धता येते. आर्मस्ट्राँगने परतीचा भाग सरळ दिला होता. ब्लॅकने तो उलटा दिला. तार तीच, फक्त दिशा फिरली. एका दिशेने शिटी, दुसऱ्या दिशेने शुद्ध स्वर. परतीची वीज वाटेत उशिरा पोचली तर उलट्याचे सुलट होऊन शिटी केव्हा सुरू होईल, याचा नियम १९३२ मध्ये नायक्विस्टने बसवून दिला. हे सारे नीट लक्षात ठेवा. थोड्या वेळाने ते आपल्याला टेबलावरच्या एका खोक्यात पुन्हा भेटणार आहे.

आतापर्यंतची मंडळी मोठमोठ्या प्रयोगशाळांतली. हे ज्ञान घरोघरी गेले ते मासिकांतून आणि दुरुस्तीच्या दुकानांतून. १९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत इंग्लंडच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात डी. टी. एन. विल्यमसन याने पंधरा वॅटच्या एका वर्धकाची रचना प्रसिद्ध केली. ब्लॅकचे तत्त्व त्यात पुरेपूर वापरलेले होते आणि ट्रान्स्फॉर्मर कसा गुंडाळावा याची माहितीही दिलेली होती. देशोदेशीच्या हौशी लोकांनी तो घरी बांधला.

गिटारीच्या वर्धकाचा जन्म मात्र दुकानात झाला. १९३० नंतर बोशँप आणि रिकनबॅकर यांनी तारेखाली लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे ठेवून विद्युत् गिटार बाजारात आणली. त्या वेटोळ्यातील वीज अत्यंत क्षीण. वर्धकावाचून ती गिटार मुकीच. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाच्या गृहस्थाने १९३८ मध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान घातले होते. हा माणूस मूळचा हिशेबनीस. गिटार त्याला वाजविता येत नव्हती. वादक मंडळी आपली मोडकी यंत्रे त्याच्याकडे घेऊन येत. कोणता सांधा सुटतो, कोणता भाग जळतो, प्रवासात काय निखळते हे त्याला गिऱ्हाइकांच्या तक्रारींतून कळत गेले. १९४५–४६ पासून त्याने स्वतःचे वर्धक बनवावयास घेतले तेव्हा ते दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीने बांधले. सारे बारीक भाग एका पट्टीवर ओळीने मांडलेले आणि कोणत्या जागी कोणता व्हॉल्व्ह याचा तक्ता पेटीच्या आत चिकटविलेला. स्वतः दुरुस्ती केलेल्या माणसाने बांधलेले यंत्र दुसऱ्याला दुरुस्त करता येते.

आणि म्हणूनच ते दुसऱ्याला उघडून वाचताही येते. लंडनच्या पश्चिमेस हॅनवेल येथे जिम मार्शल या ड्रमवादकाने १९६० मध्ये वाद्यांचे दुकान काढले. तरुण वादक अमेरिकन वर्धक मागत, पण परदेशी माल फार महाग पडे. १९६२ मध्ये मार्शलच्या दुकानातील दुरुस्ती करणारा केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा तरुण शिकाऊ तंत्रज्ञ यांनी फेंडरचा ‘बासमन’ हा वर्धक समोर ठेवून त्याबरहुकूम एक बांधला. जोडणी जवळजवळ तीच. पण पहिल्या जागी ई सी सी ८३ हा अधिक वाढ देणारा व्हॉल्व्ह आला, ट्रान्स्फॉर्मर इंग्रजी आले, स्पीकर निराळे आणि तेही मागून बंद पेटीत. आवाज अधिक दाट आणि अधिक लवकर फाटणारा निघाला. तो वादकांना आवडला. ज्या ‘मार्शल’ वर्धकांच्या भिंती पुढे रंगमंचावर दिसू लागल्या, त्यांचा मूळपुरुष असा एक हाताने जुळविलेला नमुनाच होता.

आता टेबलावरच्या खोक्याकडे वळू. घरी बांधलेला वर्धक तयार झाला आहे. पहिली गोष्ट जिवाची. आत तीनशे ते साडेचारशे व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढला तरी कंडेन्सर ती वीज धरून ठेवतात. बंद यंत्रानेही माणूस दगावू शकतो. म्हणून कंडेन्सर रेझिस्टन्समधून रिकामा करावा, मीटरने खात्री करावी आणि चालू यंत्रात मोजताना दुसरा हात खिशात ठेवावा, म्हणजे विजेला छातीतून वाट मिळत नाही. आपल्याकडील मेकॅनिक नवे किंवा संशयित यंत्र थेट मेनवर लावीत नसत. मध्ये एक दिवा जोडीत. याला ते ‘सिरीज लॅम्प’ म्हणत. आत शॉर्ट असेल तर दिवा भक्क पेटतो आणि यंत्र वाचते. ठीक असेल तर तो क्षणभर उजळून मंद होतो. स्वस्तातल्या भागाने महागाचा ट्रान्स्फॉर्मर राखावयाची ही युक्ती अजूनही तितकीच उपयोगी आहे.

समजा खोके घुमते आहे. आपल्याकडे मेनची वीज सेकंदाला ५० वेळा झुलते. ही घूं ५० ची असेल तर बहुधा ती व्हॉल्व्ह तापविणाऱ्या तारांतून किंवा जवळच्या ट्रान्स्फॉर्मरमधून आत शिरली आहे; त्या तारा एकमेकींना पीळ घालून कोपऱ्यातून न्याव्यात. १०० ची असेल तर ती मेनच्या विजेची एकदिशा वीज करताना उरलेली लाट आहे. कंडेन्सर सुकला असेल किंवा अर्थचे सांधे चुकीच्या जागी असतील. ५० आणि १०० यांत बरोबर एका सप्तकाचे अंतर असते. ज्याच्या कानाला मंद्र आणि मध्य यांतला फरक कळतो, त्याला अर्धा शोध मीटरवाचून लागतो. उरलेल्या अर्ध्यासाठी यंत्र बंद करून पहिला व्हॉल्व्ह उपसावा आणि पुन्हा चालू करून ऐकावे. घूं थांबली तर उगम तेथे किंवा त्याच्या अलीकडे आहे. न थांबल्यास पुढचा उपसावा. विहिरीतला गाळ काढणारा माणूस जसा झरा कोठून येतो ते चाचपत जातो, तसे हे आहे.

समजा खोके चालू करताच किंचाळते. नवशिका सारे भाग बदलत सुटतो. जाणता माणूस ब्लॅकची परतीची तार तात्पुरती सोडवतो. किंचाळणे थांबले, तर स्पष्ट झाले की उलटे जाणारे सुलटे जात आहे; ट्रान्स्फॉर्मरच्या, शेवटच्या दोन व्हॉल्व्हांकडे जाणाऱ्या तारांची अदलाबदल झाली आहे. यंत्र बंद करून, कंडेन्सर रिकामे करून त्या दोन तारा फिरवावयाच्या, परतीची तार पुन्हा जोडावयाची, की यंत्र शांत. १९१२ पासून १९२७ पर्यंत जे अंतर दोन थोर माणसांनी कापले, ते येथे दोन सांध्यांत कापले जाते. स्पीकर मात्र जोडलेला असलाच पाहिजे. त्यावाचून व्हॉल्व्हचा वर्धक चालविणे ट्रान्स्फॉर्मरला मारक ठरते.

समजा आवाज घोगरा आहे आणि शेवटच्या व्हॉल्व्हची प्लेट लाल होऊ लागली आहे. ताबडतोब वीज बंद करावी आणि मग मीटरच्या साक्षीने विचार करावा. मीटर एकच आकडा सांगतो, पण त्यातून पुष्कळ निघते. पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटला एक लाख ओहमच्या रेझिस्टन्समधून २५० व्होल्ट दिले आहेत आणि प्लेटवर १५० दिसत आहेत, तर वाटेत शंभर व्होल्ट खर्ची पडले. म्हणजे एक मिलिअँपिअर वीज वाहते आहे आणि व्हॉल्व्ह कामावर आहे. प्लेटवरही २५०च दिसले, तर वीज वाहतच नाही. व्हॉल्व्ह थंड आहे किंवा कॅथोडचा सांधा सुटला आहे. फारच कमी दिसले, तर पाटाचे दार सताड उघडे पडले आहे. आता शेवटच्या व्हॉल्व्हची जाळी मोजा. जेथे शून्य असावयास हवे तेथे दहा-पंधरा धन व्होल्ट मिळाले, तर आरोपी दोन : मागच्या टप्प्याची वीज गळू देणारा कंडेन्सर, किंवा खुद्द व्हॉल्व्ह. यंत्र बंद करून व्हॉल्व्ह काढा आणि पुन्हा मोजा. व्होल्ट तसेच राहिले, तर कंडेन्सर गळका. नाहीसे झाले, तर व्हॉल्व्हमध्ये हवा शिरली आहे. आणि चांगल्या अंधारात पाहिले तर प्लेटच्या आत तेच जांभळट-निळे धुके दिसेल, जे १९१२ मध्ये आर्नल्डला दिसले होते. काचेला चिकटून असणारी निळी झाक मात्र निराळी. ती निरोगी व्हॉल्व्हलाही असते. एकाच रंगाची दोन चिन्हे, एक रोगाचे आणि एक निरोगीपणाचे. ही पारख नसेल तर माणूस चांगला व्हॉल्व्ह फेकून देतो.

येथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. गिटारवादकांनी दोषावर प्रेमच केले, मग दोष समजून घेण्याची थोरवी कशाला गावी? १९५१ च्या मार्चमध्ये मेम्फिस येथे ‘रॉकेट ८८’ हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. विली किझार्ट या वादकाचा वर्धक वाटेत मोडला होता. कसा, याच्या कथा निरनिराळ्या आहेत. स्पीकरच्या फाटक्या शंकूत कागद कोंबून काम भागविले आणि त्या भरभरीत आवाजाची मोहिनी लोकांवर पडली. १९६४ मध्ये इंग्लंडच्या डेव्ह डेव्हिसने तर स्पीकरचा शंकू वस्तऱ्याने मुद्दाम फाडला. येथे समजून घेणे कोठे आले? कानाला रुचले, एवढे पुरे झाले.

हे खरे आहे, आणि कलेत कानाचा अधिकार पहिला हेही खरे. पण त्याच काळातील तिसरी हकीकत पाहा. नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्सचे ‘डोन्ट वरी’ हे गाणे मुद्रित होत असताना मिश्रणयंत्राच्या एका शाखेतील ट्रान्स्फॉर्मर बिघडला आणि ग्रेडी मार्टिनची गिटार भुंग्यासारखी गुणगुणू लागली. १९६१ मध्ये ते गाणे लोकप्रिय झाले आणि इतर वादक तोच आवाज मागू लागले. पण बिघडलेला भाग तेवढा एकच होता. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याने त्या भागात काय घडत होते त्याचा विचार केला आणि ट्रान्झिस्टर वापरून तसाच आवाज काढणारी छोटी पेटी बनविली. १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने ती विकावयास आणली आणि १९६५ मध्ये ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यातून तिचा आवाज जगभर गेला. फाटका शंकू एका माणसाचा राहतो, पुन्हा तसाच फाटत नाही. समजलेला दोष कोणालाही मागता येतो आणि नको तेव्हा बंदही करता येतो. ज्याला आपण दोष म्हणतो तो पायाखालच्या पेटीवरील बटणाने चालू-बंद करता आला, की तो गुण होतो. मधले अंतर ज्ञानाचे आहे.

आपल्याकडे या कुळाचे काय झाले तेही थोडक्यात सांगतो. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या १९५४ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनविण्यास प्रारंभ केला, आणि दुसऱ्याच वर्षी ट्रान्झिस्टरच्या जातीचे भागही बनू लागले. व्हॉल्व्ह देशात बनू लागला तो असा आपल्या वारसदाराला बरोबर घेऊनच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि गावोगावच्या बोळांत व्हॉल्व्हचा रेडिओ उघडून बसणारी जी पिढी होती, ती कानाने, नाकाने आणि मीटरने बिघाडाचा माग काढीत असे. पुष्कळांपाशी पदवी नव्हती. पण कोणते चिन्ह कोणत्या कारणाकडे बोट दाखविते, हे ती बोटांनी शिकली होती. ती यंत्रे गेली तशी ती विद्याही ओसरली. आजची पुष्कळशी उपकरणे चिकटवून बंद केलेली असतात. बिघडली की आतला पाट सबंध बदलावयाचा, किंवा वस्तूच टाकून द्यावयाची. त्यात सोय आहे, आणि बहुधा सुरक्षितताही अधिक आहे. पण सोयीबरोबर एक सवय जाते, ‘कुठे?’ आणि मग ‘का?’ असे क्रमाने विचारण्याची सवय.

व्हॉल्व्ह अजून बनतात, स्लोव्हाकियात आणि रशियात, आणि त्यांचा फार मोठा भाग गिटारवाल्यांसाठीच जातो. जो तरुण आज घरी असा वर्धक बांधतो, त्याला त्याहून चांगले आणि स्वस्त यंत्र बाजारात मिळत नाही म्हणून तो बांधीत नाही. यंत्र उघडून, त्यातला दोष स्वतः शोधून, तो स्वतः दूर करण्याचा अनुभव त्याला हवा असतो. हा अनुभव यंत्रापुरता राहत नाही. घरातल्या, गावातल्या, संस्थांतल्या बिघाडांपुढेही आपण बहुधा नवशिक्यासारखे वागतो : आवाज ऐकला की घाबरतो, हाताला लागेल तो भाग बदलतो, आणि शिटी थांबली की निदान झाले असे समजतो. आर्नल्ड धुक्यापाशी थांबला, ब्लॅक बोटीवरही विचार करीत राहिला, स्नॉडीने जळका ट्रान्स्फॉर्मर केराच्या टोपलीत टाकण्यापूर्वी त्याला प्रश्न विचारला. त्यांच्यापाशी विलक्षण बुद्धी होती हे कबूल. पण जो क्रम त्यांनी पाळला तो पाळण्यास विलक्षण बुद्धी लागत नाही. लागतो तो थोडा धीर, एक मीटर, आणि दुसरा हात खिशात ठेवण्याइतका विवेक.